मंडईपर्यंतची मिनिटं

४ फेब्रुवारी, मंगळवार

चहा ६.१०. दाढी ६.३०. मंडईला निघालो ८.०५. मी पोचलो ८.१६ ला, ही पोचली ८.३३ ला. सतरा मिनिटं कोबीच्या ढिगापुढे उभा होतो, भाजीवाली शेवटी म्हणाली, "काका, घ्यायचाय की राखण करायचीय?"

रस्ता अकरा मिनिटांचा. हिला अठ्ठावीस लागतात. आधी नळापाशी उभी, मग औषधाच्या दुकानापुढे, मग चपलांच्या दुकानापुढे. घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं. पस्तीस वर्षं बस डेपोत वेळेचा हिशेब ठेवला. लॉगशीटवर माझा शेरा पडला की ड्रायव्हरची झोप उडायची. विनाकारण उशीर करणारा मला फाटकातून गाडी आत येतानाच कळायचा. आणि घरात हे. आज म्हटलं, "गोगलगायीशी पैज लावलीयस का?" ही म्हणाली, "आले, आले." हिचं आपलं नेहमीचं.

इस्पितळाच्या फाटकावर कागद लावलाय. म्हाताऱ्या पायांत रक्त कसं फिरतं याचा अभ्यास चाललाय म्हणे. पासष्टच्या वरची धडधाकट माणसं हवीत. मी नाव देऊन आलो. पाय बघायचेच असतील तर माझे बघा म्हणावं. सोबत कुणीतरी आणायचं आहे, तेव्हा हिला नेतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काय लिहू? आधी क्रमाने लिहितो.

इस्पितळात पोचलो ९.५५. तपासणारा तरतरीत माणूस. हाताला पट्टा, घोट्याला पट्टा, मांडीला पट्टा. मी म्हटलं, "तुम्ही खरे पट्टेवाले." हसला बिचारा. मांडीचा पट्टा हवा भरून पाच मिनिटं आवळून ठेवायचा, रक्त बंद. पोटरीवर एक डबी चिकटवलेली असते, तिच्यातला तांबडा दिवा आतल्या स्नायूला हवा किती मिळते ते दाखवतो. मग पट्टा सोडायचा आणि मोजायचं, पोटरी किती सेकंदांत पूर्ववत होते. मला लागले एक्केचाळीस. पट्टेवाला म्हणाला, "आजोबा, पन्नाशीतला पाय आहे." मी हिच्याकडे बघितलं. ही कौतुकाने हसली.

पुढची बाई आलीच नव्हती. पलंग रिकामा. मीच म्हटलं, "हिचंही बघा हवं तर. चालायचा कंटाळा सोडला तर ठणठणीत आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला.

हिच्या उजव्या पोटरीला एकशे अठ्ठावीस सेकंद लागले. पट्टेवाल्याने आकडा दोनदा बघितला. पुन्हा केलं. एकशे एकतीस. मग घोट्याचा दाब आणि दंडाचा दाब ताडून बघितला. दंडाला शंभर तर उजव्या घोट्याला साठसुद्धा नाही. तो उठून डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

बाई शांत आहेत, समजावून सांगतात. पोटरीच्या स्नायूत अगदी बारीक बारीक भट्ट्या असतात. रक्तातून हवा आली की त्या पेटतात आणि त्यांच्या जोरावर पाय चालतो. वयाने सगळ्यांच्याच थोड्या मंदावतात. पण हिच्या मांडीतली धमनी अरुंद झाली आहे. बसल्या जागी भागतं. चालायला लागलं की भट्टीला हवा कमी पडते, पोटरी आवळते, पाय उचलत नाही. दोन-तीन मिनिटं थांबलं की उतरतं. पुन्हा चाललं की पुन्हा धरतं.

मी म्हटलं, "डिझेलची लाइन चोक झाली की गाडी अशीच गचके खाते."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि त्यात ड्रायव्हरचा दोष नसतो."

त्यांना काही ठाऊक नव्हतं, त्या सहज बोलून गेल्या. माझ्या कानशिलांतून मात्र वाफा निघाल्या.

मग त्यांनी विचारलं, "चालताना थांबावं लागतं, हे कधीपासून?" विचारलं हिला. ही माझ्याकडे बघायला लागली. आणि मी बोलून गेलो, "झाले असतील दोन-तीन महिने."

का बोललो? चार वर्षं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला. मग आणलं का नाही? पट्टेवाला समोर उभा होता. नुकताच मला शाबासकी देऊन बसला होता.

ही खाली वाकून चप्पल पायात सरकवत बसली. तिलाही दोन-तीन महिनेच वाटत असावेत.

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दोन-तीन महिन्यांत इतकं? मग वाट बघण्यात अर्थ नाही. झपाट्याने वाढतंय." मंगळवारी, १८ ला यायचं. धमनीत औषध सोडून फोटो काढणार आणि गरज पडली तर तिथल्या तिथे तार घालून वाट मोकळी करणार.

घरी आलो १.१०. रिक्षाने.

८ फेब्रुवारी, शनिवार

ही जेवत नाही. दोन घास खाते आणि ताट सरकवते. हिची थोरली बहीण पायाच्या तक्रारीवर इस्पितळात गेली होती ती एका पायावर घरी आली. तिला साखर होती, जखम चिघळली होती, हिचं तसं काही नाही. मी हे दहादा सांगितलं. ही म्हणते, "तिलाही तारच घालणार होते."

आज दुपारी कपड्यांचं कपाट लावत होती. स्वतःच्या घड्या एका बाजूला, माझ्या एका बाजूला. मला बोलावून दाखवलं, कुठलं कुठे आहे ते. मी म्हटलं, "हे आत्ता कशाला?" म्हणाली, "तुम्हाला काही सापडत नाही म्हणून."

बायकांना कपाटं लावायला निमित्त लागत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

लेकीचा फोन. आधी आईशी बोलली. मी पेपर वाचत होतो, पण कान तिकडेच. पलीकडून विचारलं असणार कधीपासून दुखतंय, कारण ही म्हणाली, "बाबांना विचार. त्यांच्याकडे सगळ्याच्या नोंदी असतात."

टोमणा नव्हता. हिला टोमणे येत नाहीत. म्हणून जास्त लागलं.

मग लेक माझ्याशी बोलली. "बाबा, रागावू नका. गेल्या वेळी मी आले होते तेव्हा आई बाजारातून आल्यावर दारातच बसली होती, भिंतीला टेकून. मी तुम्हाला म्हटलं होतं." मी म्हटलं, "मला आठवत नाही." आठवतंय. मी म्हटलं होतं, आईला तुझ्यापुढे लाड करून घ्यायचे असतात.

दोन-तीन महिने म्हटल्यामुळे तार घालायची घाई चाललीय, एवढं मला कळतं. न कळायला मी काही दूधखुळा नाही. उद्या फोन करून सांगतो बाईंना, की चूक झाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला नाही. रिसीव्हर दोनदा उचलला.

त्याऐवजी माळ्यावरून जुन्या दैनंदिन्या काढल्या. म्हटलं, निदान नक्की तारीख तरी कळेल. कळली. माझ्याइतकी बिनचूक तारीख कुठल्या डॉक्टरकडेही नसेल. चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, त्याआधी सगळीकडे "मंडई ११ मि." मग हे असं:

"मंडई १३ मि. ही पोस्टापाशी रेंगाळली. विनाकारण."

"मंडई १४ मि. पोस्ट. ओळखीचं कुणी नव्हतं तरी थांबली."

पुढच्या वर्षी: "मंडई १७ मि. औषधाचं दुकान. मी तीनदा वळून बघितलं."

त्याच्या पुढच्या वर्षी: "मंडई २२ मि. सोंग. जिन्यावरही बसली. वरच्या शिंपीणकाकूंनी हात देऊन उठवलं. चारचौघांत शोभा."

गेल्या जूनमध्ये: "मुद्दाम पुढे निघून गेलो. धडा मिळू दे. मी घरी ९.२०, ही १०.०५. चेहरा पांढरा. पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणजे रुसली."

हे माझंच अक्षर. सुवाच्य. डेपोत माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ना. मी तर कुसळांची चार वर्षांची यादी करून ठेवली आहे, तारीखवार.

वाचता वाचता ही चहा घेऊन आली. मी वही मिटली. चोराच्या मनात चांदणं. ही म्हणाली, "जुनं काय काढलंत?" म्हटलं, "काही नाही, वाळवी लागलीय का बघतोय."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर बसून डॉक्टरीणबाईंसाठी तक्ता केला. चार वर्षं, महिन्याला एक ओळ, तारीख आणि मिनिटं. शेरे सगळे गाळले. लाल शाईने रेघा मारल्या. वाटलं, सुंठीवाचून खोकला जाईल. बाईंना खरं कळेल आणि मला कुणापुढे उघडं पडावं लागणार नाही.

आज एकटाच गेलो, १०.३०. हिला सांगितलं, पोस्टात जातो.

बाईंनी तक्ता बघितला, बघतच राहिल्या. "चार वर्षं? तुम्ही तर दोन-तीन महिने म्हणाला होतात."

"घोटाळा झाला," मी म्हटलं. मान वर केली नाही.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे खरं असेल तर चित्र पार बदलतं. इतक्या हळू वाढलेलं असेल, जखम नाही, बसल्या जागी दुखणं नाही, तर तारेची घाई करायची नाही. आधी चालण्याचा उपचार करून बघायचा. पण नुसत्या मिनिटांवर मी ठरवू शकत नाही. उशीर गर्दीनेही होतो, गप्पांनीही होतो. पहिल्यांदा थांबायच्या ते किती अंतरावर? ते अंतर कसं कसं कमी होत गेलं? ते आठवतंय का कुणाला?"

मी म्हटलं, "लिहिलेलं आहे. दुसरीकडे."

"मग आणा की! ताईंनाही आणा. सोमवारी या."

परत येताना पावलं मोजली. घर ते पोस्ट सातशे दहा. औषधाचं दुकान चारशे साठ. नळ दोनशे पाच. नळापाशी दोन मिनिटं उभा राहिलो. तिथे बघण्यासारखं काहीच नाही. एक गळका नळ आणि भिंत. हा विचार मला चार वर्षांत एकदाही शिवला नाही, की गळका नळ बघत कोण उभं राहील?

१५ फेब्रुवारी, शनिवार

कात्री घेऊन बसलो होतो. तीनच पानं कापायची होती. "धडा मिळू दे" चं आणि आणखी दोन. कापली नाहीत. मोठेपणा म्हणून नाही. कापलेलं पान दिसतं, आणि लॉगशीटचं पान फाडणाऱ्या माणसाला मी स्वतः एकदा घरी बसवलं होतं.

हिला सांगितलं सोमवारी जायचंय. "मंगळवारच्या ऐवजी?" हिने विचारलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. म्हटलं, "नुसतं बोलायला." नीट सांगायला हवं होतं. कशाबद्दल बोलायला ते सांगायची हिंमत झाली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चार वह्या पिशवीत घालून गेलो. रिक्षाने. ११.०० ला आत बोलावलं.

मला वाटलं होतं बाई वह्या ठेवून घेतील, सवडीने चाळतील. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर घर काढलं, मंडई काढली, मध्ये रस्ता. म्हणाल्या, "तुम्ही वाचा, मी खुणा करते. लहान अक्षर मला दिसत नाही."

म्हणजे मोठ्याने आणि हिच्यापुढे.

पहिल्या दोन ओळी वाचल्या. शेरे गाळून, "पोस्टापाशी थांबली" एवढंच. बाई म्हणाल्या, "तसंच वाचा ना, जसं लिहिलंय. कधी कधी शब्दांतून कळतं." त्यांचं बरोबर होतं. मग वाचलं. रेंगाळली. विनाकारण. सोंग. चारचौघांत शोभा. बाई खुणा करत होत्या, सातशे दहा पावलं, चारशे साठ, दोनशे पाच, प्रत्येक खुणेशेजारी वर्ष. पट्टेवाला दारात उभा होता तो आतल्या खोलीत निघून गेला. शहाणा माणूस.

"मुद्दाम पुढे निघून गेलो" हे वाचताना आवाजच फुटेना. बाईंनी पाण्याचा पेला सरकवला. मी प्यायलो नाही. मला काय अधिकार? वाचून टाकलं. चेहरा पांढरा. म्हणजे रुसली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही समोरच्या भिंतीकडे बघत होती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

बाईंनी कागद वर धरला. "हे बघा. सरळ उतार आहे. वर्षाला थोडं थोडं, कुठेही एकदम कडा नाही. उद्याचं रद्द. तार नको." मग हिला, "ताई, ऐकलंत का? तार नको."

हिचे डोळे भरून आले. मला वाटतं सुटकेने.

उपचार असा. आठवड्यातून तीनदा चालायचं. दुखायला लागलं तरी थोडं पुढे न्यायचं, चांगलंच दुखलं की थांबायचं, पूर्ण उतरेपर्यंत उभं राहायचं, मग पुन्हा. अर्ध्या-पाऊण तासापर्यंत वाढवायचं, बारा आठवडे. त्याने धमनी रुंद होईल असं नाही, पण आतल्या भट्ट्या कमी हवेत पेटायला शिकतात. सोबत औषधाची गोळी. म्हणजे इतकी वर्षं ही जे थांबत होती ते बरोबर होतं. मी जे "पाय उचल, पाय उचल" करत होतो त्याने नुसता धाक बसत होता.

शेवटी बाईंनी विचारलं, "यांनी कधी दुखण्याची तक्रार केली होती का? ती कुठे नोंदलीय?"

मी चारही वह्या चाळल्या. बाई थांबल्या होत्या. चाळताना मला ठाऊक होतं की नाही. तरी शेवटच्या पानापर्यंत गेलो.

"नाही," मी म्हटलं.

"केली होती," ही म्हणाली.

एवढंच. भिंतीकडे बघत.

मग सोबत कोण चालणार ते बाईंनी विचारलं. दुखणं किती आहे ते सोबतच्या माणसाला मोकळेपणाने सांगता आलं पाहिजे, म्हणाल्या. मी पुढे सरकून बसलो, घड्याळ माझं चोख असतं. हिने क्षणाचाही विचार केला नाही. "शिंपीणकाकू येतील."

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहिला दिवस. दोघी निघाल्या ५.१५ ला. मी गॅलरीतून बघत होतो. नळापाशी थांबल्या. शिंपीणकाकूही थांबल्या, कमरेवर हात ठेवून, जणू त्यांनाच थांबायचं होतं. काहीतरी बोलल्या आणि ही हसली. हिचं हसू रस्त्यापलीकडून ऐकू आलं.

परत आल्या. मी किती वाजले ते बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शिंपीणकाकू जिन्यात भेटल्या. तोंड चुकवून जाणार होतो. त्याच म्हणाल्या, "आज पहिला थांबा नळाच्या पुढे गेला हो!" मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "हो का?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं नाही? विचारलं तर सांगेल." सुई टोचावी तसं टोचतात या बाई. धंदाच तो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर शब्द जुळवतोय. माफी कशी मागतात? डेपोत मी दिलेल्या शेऱ्याबद्दल कधी माफी मागितली नाही, कारण तो चुकीचा निघालाच नाही. निदान कुणी येऊन तसं म्हटलं नाही. आता वाटतं, ते ड्रायव्हरही कदाचित भिंतीकडे बघत उभे राहत असतील.

सकाळी चहाच्या वेळी म्हटलं, "अगं, माझं चुकलं." ही म्हणाली, "साखर कमी झालीय का?" मी म्हटलं, "नाही, ठीक आहे." आणि चहा प्यालो.

३ मार्च, सोमवार

संध्याकाळी ही चालून आली, खुर्चीत बसली, पाय चोळायला लागली. मी ही वही घेतली आणि तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "तू केली होतीस ती तक्रार सांग. आता लिहितो."

"आता कशाला?"

"राहिली आहे म्हणून."

ही पाय चोळत राहिली. मग बोलायला लागली, आणि थांबेना. हिच्या शब्दांत लिहितो.

"पोटरीत कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं व्हायचं. पहिल्यांदा पोस्टापाशी झालं तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, पाय धरलाय. तुम्ही म्हणालात, मग चालून मोकळा कर. मग मी दुकानं बघायचं नाटक करायला लागले. नाटक तेवढंच केलं. लोकांना वाटावं बाई काहीतरी बघतेय. दुखतंय असं वाटायला नको, तुम्ही चिडता. चार वर्षं मी तुमची पाठ बघत चालले. तुमच्या निळ्या सदऱ्याला मागे उजव्या खांद्याखाली रफू आहे, ते मला पाठ झालंय. त्या दिवशी तुम्ही मुद्दाम गेलात ते मला कळलं होतं. मी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने पाणी दिलं. म्हणाला, सोबत कुणी नाही का? मी म्हटलं, नाही."

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

वाचून दाखवलं. "सोबत कुणी नाही का" इथे दोनदा अडलो. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक राहिलं. मी मागून हाक मारायची तुम्हाला."

मी पेन टेकवलं. सवयीने विचारलं, "कधी? तारीख?"

"रोज," ती म्हणाली.